केळीमागचा तबला

लातूरच्या आमच्या घरात दुपारचं जेवण उरकलं की मी टीव्हीसमोर बसते आणि सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या काळातल्या गाण्यांच्या छोट्या फिल्मा लावते. थोरला मुलगा सुट्टीत आला तेव्हा टीव्हीला इंटरनेट जोडून गेला, तेव्हापासूनची ही सवय. एका फिल्मेत एकच गाणं, गाणारी एकच बाई, कधी एखादे बुवा. थेटरात मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्या दाखवत असत. कॅमेरा एका जागी रोवलेला, बाई एका जागी बसलेली, आणि रीळ संपलं की गाणं संपलं, मग अंतरा अर्धा का राहीना. चित्रावर उभ्या रेघा, आवाजात कढईतल्या तेलासारखी चरचर. आमचे हे बाजूच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात आणि मधूनच विचारतात, "काय बघतेस ह्यात? बाई तर जागची हलत नाही." मी सांगते, मी बाईकडे बघतच नाही.

मी बघते ती तिच्या आजूबाजूची जागा. त्या वेळी गाणं आणि चित्र एकदमच घ्यावं लागे. आवाज मागून भरायची सोय नव्हती. म्हणजे तबला, पेटी वाजवणारी माणसं तिथंच, बाईच्या हाताशी बसलेली हवीत, पण दिसायला नकोत. मग त्यांना पडद्याआड बसवत, पलंगाखाली सरकवत, नाहीतर खोट्या बागेतल्या झाडामागं दडवत. एकदा हे कळलं की त्या फिल्मा वेगळ्याच दिसायला लागतात. सम जवळ आली की बाईची नजर पटकन एका बाजूला जाते आणि परत येते. तिकडं तबलेवाला असतो. तशा एका फिल्मेतला तबलेवाला माझा आजोबा होता. हे वाक्य आज मी सरळ लिहून टाकते, पण माझ्या लहानपणी आमच्या घरात आणि गावात ते कुणी खरं मानत नव्हतं.

आमचं गाव अर्धापूरच्या जवळ. चारी बाजूंनी केळी. घरातून बाहेर पडलं की केळी, विहिरीवर गेलं की केळी, आणि ताटातही केळीच: केळफुलाची भाजी, कच्च्या केळ्याचे काप, पाहुणा आला की पिकलेल्या केळ्याची शिकरण. आम्हा पोरांना त्या सगळ्याचा कंटाळा. माय येसराची आमटी करी त्या दिवशी आम्ही दोन भाकरी जास्त खात असू. तिचा मसाला भाजायला घेतला की गल्लीच्या टोकापर्यंत खोकला पोचायचा. घराला पुढं ओसरी, ओसरीच्या एका टोकाला आबांचं, म्हणजे आजोबांचं, बाजलं आणि त्याच्या वर खुंटीला जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं. त्यात तबला आणि डग्गा होता. मी ते गाठोडं कधी सुटलेलं पाहिलं नव्हतं. घरात वाजवायचा नाही, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा हुकूम होता.

आबांनी वाजवणं सोडलं होतं असं मात्र नाही. त्यांची बोटं थांबत नसत. गुडघ्यावर, बाजल्याच्या खुरावर, पाण्याच्या रिकाम्या डब्यावर चालूच. माय जात्यावर बसली की तिच्या घरघरीवर ते हळूच ठेका धरीत. माय कधी काही बोलली नाही, पण जात्याचा वेग बदलू देत नसे, हे मला पुढं लक्षात आलं. अण्णांची पावलं वाजली की बोटं मुठीत जात.

अण्णांचा राग समजून घ्यायला फार काही लागत नाही. आबा जवानीत भजनात तबला वाजवायचे. नांदेडला एक नाटक कंपनी आली, तिचा तबलजी आजारी पडला, आबा चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि कंपनीबरोबर पार कोल्हापूरकडं निघून गेले. मागं तान्हे अण्णा आणि आजी. आजीनं पोराला घेऊन भावाचं घर धरलं. अण्णा मामाच्या दारात वाढले, आणि दुसऱ्याच्या दारात वाढलेल्या पोराला ताटात आधी काय पडतं आणि शेवटी काय पडतं हे नीट आठवत असतं. बोलपट आले, नाटक कंपनी बसली, आबांनी काही दिवस ह्या गाण्याच्या फिल्मांत वाजवलं. मग पणजोबा वारले म्हणून शेती बघायला घरी आले ते कायमचे. आले तेव्हा अण्णांना मिसरूड फुटायला लागलं होतं. बापलेकात सरळ बोलणं कधी रुळलंच नाही. अण्णा जे सांगायचं ते मायला सांगत. "म्हाताऱ्याला म्हणावं, विहिरीवरची मोटार बंद कर." आबा तिथंच बसलेले असत. उठून मोटार बंद करीत.

आबा काही बढाईखोर नव्हते. पण कुणी विचारलं की जे झालं ते सांगायचे. मी सिनेमात वाजवलंय. बाई झोपाळ्यावर बसली होती, मागं कापडावर रंगवलेला चांद होता, चांदाच्या मधोमध कापडाची शिवण होती. अन् मी? मी केळीमागं बसलो होतो, तिथं केळी उभ्या केल्या होत्या. झालं. केळीच्या गावात हे सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपली फजिती. फाट्यावर किशनरावांचं चहाचं हॉटेल होतं, तिथं आबा टेकले की कुणीतरी सुरू करीच. कुणी म्हणे, आबा, आम्ही बी रोज केळीमागंच असतो, आमचा बी सिनेमा काढायला लावा. किशनराव स्वतः गाळणी झटकत म्हणायचे, "केळीमागं तर सकाळी सारं गाव बसतंय की." त्यावर पहिल्यापासून सगळे हसलेले असूनही पुन्हा हसत. आबाही थोडे हसत आणि चहा पीत. अण्णा तिथं असले तर हसत नसत. पैसे ठेवून उठत. बापाची चेष्टा त्यांना सोसत नव्हती आणि बापाची बाजू घ्यायला तोंडही उघडत नव्हतं.

आता माझं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बायकांतच नाही, पुरुषांतही. हे मी लाजत सांगत नाही. पण ते झालं कसं, तर ज्या माणसाच्या शब्दाला घरात किंमत नव्हती त्याच्या शब्दावर. मी मॅट्रिक झाले तेव्हा अण्णा स्थळं बघायला लागले होते. आबा ओसरीवरून, मान वर न करता म्हणाले, तिला नांदेडला शिकू द्या, घराबाहेर गेल्यानं माणूस वाया जात नाही. अण्णा मायकडं वळून म्हणाले, "बाहेर गेल्यानं काय होतं ते बाजल्यावर बसलंय." दुसऱ्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून मला एसटीनं नांदेडला घेऊन गेले आणि कॉलेजात नाव घालून आले. अण्णांनी अडवलं नाही, पण मंजूरही केलं नाही. नुसतं म्हणाले, बघू. ते 'बघू' माझ्या डोक्यावर दोन वर्षं टांगलेलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात निलंग्याकडचं एक स्थळ चालून आलं, ऊसवाले, घर चांगलं, आणि मायनं मला हळूच सांगितलं की परीक्षा झाली की ह्या खेपेला तुला परत पाठवायचं नाही असं चाललंय. आबांनी तोंड उघडायचा प्रश्न नव्हता. त्यांचं ऐकलं असतं कुणी?

तेव्हाच आमच्या कॉलेजात मराठीच्या सरांनी जुन्या फिल्मा दाखवायचं मंडळ काढलेलं. कुठल्याशा संग्रहातून रिळं मागवायचे आणि हॉलच्या खिडक्यांना वसतिगृहातल्या सतरंज्या लावून दुपारी दाखवायचे. मी मंडळात होते. खुर्च्या मांडायला मुली बऱ्या पडतात असं सरांचं मत होतं. एकदा गाण्यांच्या छोट्या फिल्मांचा डबा आला. सोमवारी त्या दाखवायच्या होत्या, म्हणून सर आदल्या शुक्रवारी एकेक रीळ लावून तपासत होते आणि मी खुर्च्या मांडत होते. सहज मान वर केली तर पडद्यावर झोपाळा. मागं चांद. चांदाच्या मधोमध खालपासून वरपर्यंत शिवण.

शनिवारच्या पहिल्या एसटीनं मी गावाला गेले. आबांना सांगितलं. त्यांची बोटं थांबली. मग म्हणाले, "बाई बरी दिसती का गं त्यात? तिला त्या दिवशी ताप होता." ती फिल्म त्यांनी स्वतः कधी पाहिलेली नव्हती. ती दाखवली जाईपर्यंत ते घरी येऊन केळीला पाणी देत होते.

आबांना न्यायला अडचण नव्हती. मला अण्णा हवे होते. आमच्या बाबतीत जे ठरायचं ते त्यांच्या मनात ठरायचं होतं, आणि त्या मनात आबा म्हणजे थापा मारणारा रिकामटेकडा माणूस एवढंच होतं. अण्णा जेवत होते. मी म्हटलं, चांदाला शिवण आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय. अण्णा भाकरी कुस्करत म्हणाले, "चांद कुणी बी बघून येऊन सांगंल. माणूस दिसतंय का?" मी म्हटलं, माणूस केळीमागं आहे. ते म्हणाले, "मग झालं. जे दिसत न्हाई त्याला काय, मी बी हाव म्हणंन त्याच्यात." मायनं त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि ताटाकडंच बघत म्हणाली, मोटारीचं सामान आणायला सोमवारी नांदेडला जायचंच आहे ना, तर तेवढं बघून या. अण्णांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सोमवारी एसटीत आबा पुढच्या बाकावर, अण्णा मागच्या, आणि मी मध्ये उभी. जागा होती, पण कुणाशेजारी बसावं ते मला कळेना.

हॉलमध्ये मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले. पोरं पोरी मिळून हॉल भरला होता. पहिल्या दोन फिल्मांना हशा झाला, कारण गाणारे बुवा माशी बसली तरी हालत नव्हते. मग आमची लागली. झोपाळा, चांद, शिवण. डावीकडं चार-पाच केळी, घडासकट. बाईनं गायला सुरुवात केली आणि मागून तबला आला. आबांनी डोळे मिटून घेतले. सगळा जन्म ज्याची चेष्टा ऐकून घेतली ते समोर चाललेलं, आणि ह्या माणसानं पडद्याकडं बघितलं नाही. गुडघ्यावर बोटं पडत होती, आणि पडद्यावरचा ठेका आणि गुडघ्यावरचा ठेका ह्यात कुठंही फट नव्हती. बाई समेला डावीकडं बघत होती. दर समेला. मला ते दिसलं आणि मी अण्णांकडं बघितलं. अण्णा खुर्चीत पुढं वाकले होते, हात गुडघ्यांवर, शेतात एखाद्या खोडाला कीड लागलीय का हे बघताना वाकतात तसे. तोंडातल्या तोंडात एवढंच म्हणाले, "कापून आणून रोवलेल्या हायत. माना टाकल्यात." मला वाटलं, संपलं. ह्यांनी सगळ्यात केळी तेवढ्या बघितल्या.

रीळ संपलं. सर दुसरं चढवायला लागले. आणि अण्णा उठले. आमचे अण्णा कुणाकडं काही मागणारे नव्हते. बाजारातही भाव पटला नाही तर न बोलता पुढं जात. ते मधल्या वाटेनं सरांपाशी गेले, टोपी काढली आणि हे पुन्हा दाखवता येईल का म्हणून विचारलं. सर म्हणाले, सगळं संपल्यावर दाखवू, थांबता का? अण्णा येऊन बसले. मग आणखी चार बायका आणि एक बुवा गायले. मोटारीच्या दुकानाची वेळ टळली. पोरं उठून गेली, हॉल रिकामा झाला, शिपाई एका खिडकीची सतरंजी काढायला लागला तर सरांनी त्याला थांबवलं आणि ते रीळ पुन्हा लावलं. ह्या खेपेला अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. पुढं जाऊन पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले, गाणं संपेपर्यंत. परत आले तर चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, काय अण्णा? ते म्हणाले, एसटी चुकंल.

परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला आबांकडं बघवत नव्हतं. इतक्या लांब आणून मी त्यांना पुन्हा एकदा तसंच केळीमागं बसवलं होतं, आणि माझा स्वतःचाही निकाल लागल्यासारखा वाटत होता. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं आणि केळीचा एक ट्रक भरून निघायच्या बेतात होता, म्हणून हॉटेलात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. आम्ही कशाला गेलो होतो हे अर्थातच सगळ्यांना ठाऊक होतं. हमाल, ड्रायव्हर, दोन-चार भाऊबंद. आबा मान खाली घालून सरळ घराकडं चालायला लागले. किशनरावांनी ओट्यावरून हाक मारली.

"मग? दिसला का म्हातारा?"

हे त्यांनी अण्णांना विचारलं, आबांना नाही. आबा थांबले, पण वळले नाहीत. अण्णा रस्ता ओलांडून हॉटेलासमोर गेले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"दिसत न्हाईत," अण्णा म्हणाले. "केळीमागं बसलेत. बंद खोली हाय, वाऱ्याची झुळूक न्हाई. समद्या केळी गप उभ्या. अन् एकच पान हालून राहिलंय. तबल्याची थाप पडली की हालतंय, थाप थांबली की थांबतंय. दोनदा बघितलं मी."

त्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाचा जन्म केळीत गेला होता. वारा नसताना केळीचं पान हालत नाही, हाललं तर मागं कुणीतरी आहे, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कुणी हसलं नाही. ट्रकवरच्या हमालानं तेवढं विचारलं, कंचं पान? अण्णा म्हणाले, खालचं, रुंद, डावीकडचं. किशनरावांनी न विचारता तीन कप मांडले.

तेच रीळ आता मला टीव्हीवर सापडलंय. चित्र थांबवता येतं, मागं नेता येतं. पान आहे. अण्णा म्हणाले तिथंच, खालचं, रुंद. खाली लोकांनी बाईच्या आवाजाबद्दल बरंच चांगलं लिहिलंय आणि ते बरोबरच आहे, ताप असूनही ती छान गायलीय. पानाबद्दल कुणी लिहिलेलं नाही. मीही लिहिलं नाही. निलंग्याच्या स्थळाचं पुढं काय झालं हे आमच्या घरात कुणी बोललं नाही. जूनमध्ये माझी कपड्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन अण्णा फाट्यापर्यंत आले, एवढंच मला माहीत.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. चहा पिऊन आम्ही घराकडं निघालो. आबा पुढं, मग अण्णा, मी मागं. दोन्हीकडं केळी. अण्णांनी पाऊल जरा लांब टाकलं आणि आबांच्या बरोबरीनं चालायला लागले.  मग मायच्या मार्फत नाही, माझ्या मार्फत नाही, सरळ त्यांनाच विचारलं.

"कोपर लागत होतं का पानाला?"

"लागत असंल," आबा म्हणाले. "जागाच न्हवती. पेटीवाला अन् मी, दोघं होतो त्या केळीमागं. मांडी सुदिक घालता येईना."

"मग कसं बसले होते?"

आबा रस्त्याच्या कडेला थांबले. धोतर आवरलं, एक गुडघा टेकला, दुसरा उभा धरला, डावं कोपर अंगाशी घेतलं, आणि दोन्ही हात पुढं करून कसं बसले होते ते त्यांना दाखवायला लागले. अण्णा समोर उभं राहून बघत होते.